कपाशीवर औषध मारण्याआधी आणि मारताना

"भाऊ, पऱ्हाटी (कपाशी) आखडली, काहीतरी जालीम द्या." जुलै-ऑगस्टमध्ये कोणत्याही कृषी केंद्राच्या काउंटरवर थोडा वेळ उभं राहा, हे वाक्य ऐकू येईलच. दुकानदार विचारतो, किती एकर? कोणती कीड, पानामागे किती, पीक किती दिवसांचं, हे विचारणारा विरळा. मग एक डबी, तिच्या जोडीला दुसरी, वर टॉनिक आणि स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं द्रव्य), आणि पिशवी भरते.

माझं म्हणणं एवढंच की हा निर्णय काउंटरवर होऊ नये. तो कपाशीच्या ओळीत, पान उलटून व्हावा. दुकानात जायचं ते फक्त ठरलेली वस्तू आणायला. पुढचं सगळं विदर्भ-मराठवाड्यातल्या बीटी कपाशीला (बोंडअळीला मारक प्रथिन स्वतःच तयार करणाऱ्या वाणांना) धरून लिहिलं आहे, पण माप, मिश्रण आणि सुरक्षिततेचा भाग तूर-सोयाबीनलाही तसाच लागू पडतो.

आधी शेतात चक्कर

आठवड्यातून एकदा, सकाळी. बांधावरून बघून काही कळत नाही. शेतात नागमोडी चालत एकरातली २० झाडं निवडा, धुऱ्यालगतची (बांधाजवळची) दोन-चार तासं, म्हणजे ओळी, सोडून. प्रत्येक झाडाची तीन पानं बघायची: एक वरचं, एक मधलं, एक खालचं. पान तोडू नका, हळूच उलटा. झटक्यात उलटलं की तुडतुडे आणि पांढरी माशी उडून जातात आणि तुमचा आकडा खोटा पडतो.

तुडतुडा हिरवट, पाचरीसारखा, आणि तिरका चालतो. तीच त्याची ओळख. त्याने रस शोषलेल्या पानाच्या कडा आधी पिवळ्या, मग लालसर होतात आणि पान खाली मुडपतं. फुलकिडे सुईच्या टोकाएवढे असतात. ते दिसण्याआधी पानामागची चंदेरी, खरवडल्यासारखी चमक दिसते. मावा शेंड्याला चिकटून असतो आणि मुंग्या त्याचा पत्ता देतात. पांढरी माशी झाड हलवलं की उडते. ती वाढली की खालची पानं चिकट होतात आणि त्यावर काळी बुरशी चढते.

इथे एक नेहमीची गल्लत होते. सप्टेंबरच्या शेवटी, बोंडं भरत असताना, पानं लाल पडायला लागतात आणि लोक तुडतुड्याचं औषध मारतात. पान उलटून बघा. मागे तुडतुडे नाहीत, कडा मुडपलेल्या नाहीत आणि सगळं पान लाल होत चाललंय, तर तो लाल्या आहे. मॅग्नेशियमची आणि नत्राची कमतरता, ओलाव्याचा ताण, रात्रीची थंडी ही त्याची कारणं. तिथे १ टक्का मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम, कामाचं. कीटकनाशकाचा तिथे एका पैशाचा उपयोग नाही.

किडी मोजता-मोजता मित्रकीटकही मोजा. ढालकिडा आणि त्याची काळी-नारिंगी अळी, क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या किड्याची केसासारख्या देठावर टांगलेली अंडी, कोळी. मावा भरपूर आणि ढालकिडेही भरपूर दिसत असतील, तर चार-पाच दिवस थांबून पुन्हा मोजा. बरेचदा काम परस्पर होतं.

आकडा काय सांगतो

६० पानांवरची बेरीज करून ६० ने भागा. पानामागे सरासरी २ ते ३ तुडतुडे, किंवा १० फुलकिडे, किंवा १० मावा, किंवा ८ ते १० पांढऱ्या माश्या. याला आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात. याच्या खाली असाल तर फवारणीचा खर्च किडीच्या नुकसानीपेक्षा जास्त होतो, म्हणून थांबायचं. वर गेलात तर उशीर करायचा नाही. दोन-तीन किडी एकदम, पण प्रत्येकीची पातळी थोडी खाली, अशी अवस्था आली तर वाढीचा कल बघून ठरवा.

पहिल्या महिना-दीड महिन्यात तर हात आवराच. बीटीच्या पाकिटातलं बियाणं बहुधा इमिडाक्लोप्रिड लावूनच येतं आणि कोवळ्या झाडाला त्याचं संरक्षण मिळतं. तरी गावात एकाचा पंप सुरू झाला की सगळ्यांचे सुरू होतात. त्या वेळी मारलेल्या सायपरमेथ्रीनसारख्या पायरेथ्रॉइड औषधाने ढालकिडे, कोळी, क्रायसोपा मरतात, आणि मागून पांढरी माशी मोकळं रान मिळाल्यासारखी वाढते. हे कपाशीच्या पट्ट्यात पुन्हापुन्हा घडलेलं आहे.

आकडा पातळीच्या आसपास घुटमळत असेल तर पहिलं हत्यार निंबोळी अर्क. ५ टक्के अर्कासाठी ५ किलो वाळलेल्या निंबोळ्या भरडून १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी फडक्यातून दोनदा गाळा, गाळ राहिला तर नोझल तुंबेल. २०० ग्रॅम साबणचुरा वेगळ्या लिटरभर पाण्यात विरघळवून त्यात घाला आणि सगळं मिळून १०० लिटर करा. त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर फवारा. अर्क उन्हात आणि साठवणीत आपली ताकद घालवतो. तो खाल्लेली कीड लगेच मरून पडत नाही. तिचं खाणं, कात टाकणं, अंडी घालणं बिघडतं. दुसऱ्या दिवशी शेतात मेलेले किडे शोधणाऱ्याची निराशा होणार हे आधीच सांगतो.

गुलाबी बोंडअळीचं गणित वेगळं

रसशोषक कीड डोळ्यांसमोर असते. गुलाबी बोंडअळी बोंडात असते, आणि एकदा आत गेली की बाहेरून दिसत नाही, औषधही तिथवर पोचत नाही. अंड्यातून निघालेली अळी लगेच पातीत, फुलात किंवा कोवळ्या बोंडात शिरते आणि शिरल्याचं छिद्र बोंडाच्या वाढीबरोबर बुजून जातं. म्हणजे फवारणीला मिळतात ते पतंग, अंडी आणि आत शिरण्याआधीची अळी. ही वेळ गाठायची तर सापळे लागतातच.

पीक ४५ दिवसांचं झालं की एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावा, पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर वर. पीक वाढेल तसे सापळेही वर सरकवा. हे कुणी करत नाही आणि सापळा पानांत बुडून जातो. ल्यूर, म्हणजे सापळ्यातली वासाची गोळी, पाकिटावर लिहिलेल्या मुदतीत बदला. रोज सकाळी पतंग मोजून काढून टाका. सलग तीन रात्री, प्रत्येक सापळ्यात आठ किंवा त्याहून जास्त पतंग आले तर ती धोक्याची घंटा.

फुलं लागली की डोमकळ्या शोधा. पाकळ्या उमलायच्या ऐवजी गुलाबाच्या कळीसारख्या गुंडाळून राहतात, कारण आतल्या अळीने त्या शिवून टाकलेल्या असतात. अशी कळी तोडून उघडली की पराग खात बसलेली बारकी अळी सापडते. डोमकळ्या जमा करून जाळा किंवा खोल पुरा. तोडून ओळीतच टाकल्या तर अळी निवांत बाहेर येते.

बोंडं लागल्यावर खात्रीची चाचणी एकच: एकरातून हिरवी, मध्यम कडक २० बोंडं तोडा आणि फोडा. आतल्या सालीला बघा. तिथे तपकिरी ठिपका, फोड, पांढरट-गुलाबी अळी किंवा विष्ठा दिसली तर ते बोंड किडकं धरायचं. २० पैकी दोन किडकी निघाली म्हणजे १० टक्के. तिथे फवारणी करायलाच हवी. बाहेरून टवटवीत दिसणारी बोंडं आतून कवडी (किडून कडक झालेली) निघतात, म्हणून वरवर बघून "यंदा अळी नाही" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

बीटी असून ही अळी का येते, असं अजूनही विचारलं जातं. भारतात बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली, दोन जनुकांचं बोलगार्ड-२ २००६ मध्ये आलं. त्यानंतर गुलाबी बोंडअळीने आधी एका आणि मग दोन्ही प्रथिनांना दाद देणं सोडलं. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात त्याचा मोठा फटका बसला. हिरवी आणि ठिपक्यांची बोंडअळी अजून बीटीने बरीच आवरते. गुलाबीसाठी बीटीच्या भरवशावर राहू नका.

डबीवर काय वाचायचं

औषधाच्या डबीवर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा त्याखालचा, मग निळा, आणि हिरवा सगळ्यात कमी. हे माप माणसासाठी आहे. किडीवर किती चालेल हे तो रंग सांगत नाही. "लाल त्रिकोणाचं द्या, ते कडक असतं," असं मागणारे लोक स्वतःसाठी जास्त विष मागत असतात. क्लोरँट्रानिलीप्रोल १८.५ एससी घ्या (आकडा म्हणजे घटकाचा टक्का, एससी म्हणजे औषधाचं दाट द्रव रूप): त्रिकोण हिरवा, आणि अळीवर असर जोरदार. ते अळीच्या स्नायूंतला कॅल्शियमचा खेळ बिघडवतं, अळीचं खाणं थांबतं आणि ती उपाशी मरते. मोनोक्रोटोफॉस लाल त्रिकोणाचं. २०२३ मध्ये केंद्र सरकारने त्याच्या ३६ एसएलवर (पाण्यात विरघळणाऱ्या द्रव रूपावर) बंदीचा आदेश काढला. ट्रायझोफॉस आणि फोरेट २०२० अखेरीपासून बंद आहेत, एंडोसल्फान २०११ पासून. मागच्या खोलीतून कुणी काढून देऊ लागला तरी घेऊ नका.

त्रिकोणानंतर बारीक अक्षरातलं सक्रिय घटकाचं नाव वाचा. मोठ्या अक्षरातलं नाव कंपनीचं. दुकानात पाच रंगांच्या पाच बाटल्या असतात आणि त्यातल्या तीन बाटल्यांत इमिडाक्लोप्रिडच निघतं. गट लक्षात ठेवायची सवय लावा:

ऑर्गॅनोफॉस्फेट: प्रोफेनोफॉस, क्विनॉलफॉस, क्लोरपायरीफॉस, अॅसिफेट.
पायरेथ्रॉइड: सायपरमेथ्रीन, लॅम्बडा सायहॅलोथ्रीन, फेनव्हॅलरेट.
निओनिकोटिनॉइड: इमिडाक्लोप्रिड, अॅसिटामिप्रिड, थायामेथोक्झाम.
प्रत्येकी वेगळ्या पद्धतीने काम करणारी: फ्लोनिकॅमिड, डायफेन्थियुरॉन, बुप्रोफेझीन, इमामेक्टीन बेंझोएट, इंडोक्झाकार्ब, क्लोरँट्रानिलीप्रोल.

एका गटाचं औषध लागोपाठ दुसऱ्यांदा नको. इमिडाक्लोप्रिडनंतर थायामेथोक्झाम मारलं तर बाटली बदलली, गट तोच राहिला. बियाण्यालाच इमिडाक्लोप्रिड असेल तर पहिली फवारणी त्या गटाची मुळीच नको. तुडतुड्यांसाठी फ्लोनिकॅमिड किंवा बुप्रोफेझीन बरं. पांढऱ्या माशीसाठी डायफेन्थियुरॉन चालतं. गुलाबी बोंडअळीसाठी प्रोफेनोफॉस किंवा इमामेक्टीन बेंझोएट असं आलटून-पालटून, आणि पायरेथ्रॉइड हंगामाच्या अगदी शेवटी, तेही गरज पडली तर.

तयार जोडऔषधांचा विचार सावधपणे करा. प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रीन एकत्र असलेली बाटली सर्रास मिळते. त्यात वरून अॅसिफेट टाकलं की ऑर्गॅनोफॉस्फेट दुप्पट झालं, किडीला आणि फवारणाऱ्यालाही.

डबीसोबत माहितीपत्रक येतं, त्यात मराठीही असतं. पीक, कीड, हेक्टरी मात्रा, पाणी, आणि फवारणी व काढणी यातले दिवस असा तक्ता शोधा. कपाशीसमोर तुमची कीड लिहिलेली नसेल तर ते औषध त्या किडीसाठी नोंदलेलं नाही. "बायो" म्हणून येणाऱ्या, घटकाचं नाव नसलेल्या बाटल्यांपासून तर लांबच राहा. आत काय आहे हे विषबाधा झाल्यावर डॉक्टरलाही कळत नाही.

पक्कं बिल घ्या. त्यावर बॅच नंबर आणि मुदत असावी. औषध बोगस निघालं तर कीटकनाशक कायदा, १९६८ खाली तालुक्याच्या गुणनियंत्रण निरीक्षकाकडे तक्रार करता येते, पण हातात बिलाऐवजी नुसती चिठ्ठी असेल तर ती तक्रार उभी राहत नाही.

एका गुंठ्याचं माप

बहुतेकांचं इथेच चुकतं. "पंपाला किती टाकू?" हा प्रश्नच अपुरा आहे. औषध एकराला लागतं, आणि पंप एकराला किती लागतात ते तुमच्या चालण्यावर, नोझलवर आणि पिकाच्या उंचीवर ठरतं.

शेतात ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद जागा दोरीने आखा. हा एक गुंठा. पंपात साधं पाणी मोजून घाला आणि नेहमीच्या चालीने तेवढीच जागा फवारा. उरलेलं पाणी मोजून किती खर्च झालं ते काढा. त्याला ४० ने गुणा, एकरी पाणी मिळालं.

उदाहरण फ्लोनिकॅमिड ५० डब्ल्यूजीचं घेऊ. शिफारस हेक्टरी १५० ग्रॅम, ५०० लिटर पाण्यात. म्हणजे एकरी ६० ग्रॅम, २०० लिटर. त्यावरून १५ लिटरच्या पंपाला साडेचार ग्रॅम असं गणित निघतं, आणि दुकानात तेच सांगतात. आता तुमच्या गुंठ्याला पाच लिटर लागले तर सगळं जुळलं. पण भराभर चालणाऱ्या माणसाला तीनच लिटर लागतात. तीन गुणिले ४०, म्हणजे एकरी १२० लिटर, म्हणजे आठ पंप. साडेचार ग्रॅमने आठ पंपांत ३६ ग्रॅमच गेले. कीड अर्धवट मेली, उरली ती कणखर निघाली, आणि दोष औषधाला. अशा वेळी एकतर सावकाश चाला आणि पाणी वाढवा, किंवा ६० ग्रॅम आठ पंपांत वाटून पंपाला साडेसात ग्रॅम घ्या. पीक उंच आणि दाट असेल तर पहिला मार्गच बरा, कारण कमी पाण्यात खालची पानं कोरडी राहतात.

पेट्रोलच्या पॉवर स्प्रेला पाणी फार कमी लागतं, म्हणून विद्यापीठं त्यासाठी टाकीतलं प्रमाण तिप्पट करायला सांगतात. एकरी औषध तेवढंच राहतं. मात्र त्या धुक्याचा प्रत्येक थेंब तिप्पट तेज असतो हे फवारणाऱ्याने विसरू नये.

झाकणाने मोजू नका. पाच-दहा रुपयांचा मापाचा पेला आणि पुड्यांसाठी सोनाराच्या छोट्या काट्यासारखा डिजिटल काटा घरात ठेवा, स्वयंपाकघरापासून लांब.

नोझल हॉलो कोनचं (पोकळ शंकूसारखा फवारा सोडणारं) हवं, कीटकनाशकाला तेच. तणनाशकाचं चपटं नोझल वेगळं आणि शक्य असेल तर पंपही वेगळा. कपाशी २,४-डी या तणनाशकाला इतकी हळवी आहे की धुतलेल्या पंपात राहिलेल्या अंशानेही पानं भेंडीसारखी चिरकतात, लांबट होतात. उसात २,४-डी मारलेला पंप मागून आणला असेल तर कपाशीत न्यायचा नाही, हे पक्कं.

टाकीत काय आधी

पाणी स्वच्छ हवं. नाल्यातल्या गढूळ पाण्यातल्या मातीला औषध चिकटून बसतं. फार क्षारयुक्त पाण्यात प्रोफेनोफॉससारखी औषधं तासन्‌तास ठेवली तर फुटतात, म्हणून द्रावण ताजं करा आणि लगेच वापरा.

अर्धी टाकी पाण्याने भरा. पावडर असेल तर आधी छोट्या बादलीत काठीने कालवून पातळ करा आणि गाळून टाकीत घाला. मग दाणेदार डब्ल्यूजी, त्यानंतर एससी, मग तेलकट ईसी, शेवटी स्टिकर, आणि उरलेलं पाणी. हाताने ढवळणारे अजूनही दिसतात. काठी बांधावर मिळते.

दोन औषधं मिसळायची वेळ आलीच, आणि माहितीपत्रकात त्याला हरकत नसेल, तर आधी काचेच्या बाटलीत त्याच प्रमाणात मिसळून अर्धा तास ठेवा. दुधासारखं फाटलं, तळाला साका बसला किंवा बाटली कोमट लागली तर मिसळ रद्द. कीटकनाशक, बुरशीनाशक, सूक्ष्म अन्नद्रव्य, टॉनिक आणि युरिया सगळं एकाच पंपात घालण्याची हौस महाग पडते. काय कशाशी भांडलं ते नंतर कुणालाच सांगता येत नाही.

फवारताना

२०१७ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. त्या वर्षी कपाशी नेहमीपेक्षा उंच आणि दाट वाढली होती. पंप बॅटरीचे, फवारा बारीक आणि जोरदार, औषधं मिसळलेली, अंगात साधे कपडे. हे सगळं एकत्र आलं. दगावलेल्यांत दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारणारे मजूरही होते. म्हणून मालकाने मजुराला पंप देताना साहित्यही द्यायचं असतं, आणि दिवसभर एकाच माणसाला पंप द्यायचा नसतो.

खांद्यापर्यंत पोचलेल्या पिकात नळी समोर, डोक्याच्या उंचीवर धरून चालणं हे सगळ्यात धोक्याचं. तुम्ही स्वतःच्याच फवाऱ्यात शिरत जाता, ओली पानं छातीला, मांड्यांना घासतात, आणि कपडे औषधाने चिंब होतात. वाऱ्याला पाठ किंवा बाजू द्या. नळी बाजूला, कमरेच्या खाली धरा, नोझलचं तोंड वर करून पानाच्या मागे मारा. तुडतुडे तिथेच असतात. फवारलेल्या तासातून परत येऊ नका. कोरड्या बाजूला सरकत जा. पीक इतकं वाढूच नये म्हणून ८०-९० दिवसांना शेंडा खुडणं किंवा शिफारशीप्रमाणे वाढ रोखणारं मेपिक्वाट क्लोराईड मारणं हा आधीचा उपाय.

पंप पाठीवर घेण्याआधी साध्या पाण्याने भरून तपासा. झाकणातून किंवा पट्ट्याजवळून गळणारा पंप पाठ आणि कंबर तासन्‌तास ओली ठेवतो, आणि कातडीतून औषध आत जातं. नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकायचं नाही. तारेने टोचायचंही नाही, छिद्र मोठं होतं. जुना टूथब्रश खिशात ठेवा.

पूर्ण बाह्यांचा सदरा, फुलपँट, रबरी हातमोजे, गमबूट, चष्मा, टोपी, मास्क. फडकं नाकाला बांधलं की काम भागतं असं वाटतं, पण ते ओलं झालं की औषधच नाकाशी धरून ठेवतं. ऑक्टोबर हीटमध्ये हे घालून फवारणं असह्य होतं हे कबूल. म्हणून वेळ बदला. सकाळी लवकर किंवा चारनंतर. चारनंतरची वेळ दुसऱ्या कारणानेही बरी, कारण कपाशीच्या फुलांवर मधमाश्या सकाळी असतात. जोरात वारा, पावसाचं आभाळ, किंवा भर दुपार असेल तर पंप खाली ठेवा.

आणि खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण. फवारणीत खिशातली पुडी काढून, त्याच हाताने मळून तोंडात टाकणं विदर्भात इतकं रोजचं आहे की कुणाला खटकत नाही. खर्रा घरी ठेवून या. पाण्याची बाटली बांधावर लांब, झाकण लावलेली. उपाशी पोटी फवारायला उतरू नका.

त्रास झाला तर

डोकं जड होणं, मळमळ, खूप घाम, तोंडाला पाणी सुटणं, डोळ्यांतून पाणी, अंधुक दिसणं, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणं, पोटात मुरडा, स्नायू फडफडणं, धाप. ही ऑर्गॅनोफॉस्फेटची लक्षणं. "ऊन लागलं असेल" म्हणून सावलीत झोपवून ठेवण्यात मौल्यवान तास जातात.

फवारणी थांबवा. माणसाला शेताबाहेर, मोकळ्या हवेत आणा. औषध लागलेले कपडे काढा, तुमच्या हातात मोजे असू द्या. अंग, केस, नखं साबण-पाण्याने धुवा. डोळ्यांत गेलं असेल तर स्वच्छ पाण्याने किमान १५ मिनिटं. बेशुद्ध असेल तर कुशीवर वळवा आणि तोंडात काहीही घालू नका. दूध, तूप, मिठाचं पाणी नको, उलटी काढायचा प्रयत्न नको. १०८ ला फोन करा. औषधाची डबी किंवा माहितीपत्रक सोबत न्या, कारण उपचार घटकावर ठरतो. ऑर्गॅनोफॉस्फेटला अॅट्रोपिन देतात, पायरेथ्रॉइडला तसा नेमका उतारा नाही. डॉक्टरला नाव कळलं की अर्धी शोधाशोध वाचते.

फवारून झाल्यावर

उरलेलं द्रावण त्याच पिकाच्या राहिलेल्या तासांवर संपवा. नाल्यात, विहिरीकाठी नाही. रिकामी बाटली तीनदा विसळा आणि विसळलेलं पाणी प्रत्येक वेळी पंपातच ओता. मग बाटलीला भोकं पाडा, म्हणजे तिचा तेलाचा किंवा पाण्याचा डबा व्हायचा नाही. कपडे घरच्या कपड्यांपासून वेगळे धुवा, आणि ते बाईमाणसाने हाताने धुवायचे असतील तर तिलाही मोजे द्या. तिची विषबाधा कुठल्या नोंदीत येत नाही. फवारलेल्या शेताकडे पाटी किंवा फडकं लावा, शेळ्या आत जाऊ नयेत म्हणून.

एक वही ठेवा. तारीख, कोणता पट्टा, आधीचा आकडा, घटकाचं नाव, एकरी मात्रा. चार दिवसांनी त्याच २० झाडांवर पुन्हा मोजा. आकडा खाली आला नसेल तर लगेच दुसरी बाटली आणायला धावू नका. पानामागे औषध पोचलं होतं का, गुंठ्याचं माप जुळलं होतं का, गट आधीचाच होता का, हे तीन प्रश्न आधी. उत्तर सापडलं नाही तर कृषी विद्यापीठाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या माणसाला वही दाखवा, किंवा किसान कॉल सेंटरला १८००१८०१५५१ वर मराठीत विचारा. वहीत आकडे असतील तर तिकडचा माणूसही नेमकं सांगू शकतो.

डिसेंबरअखेर पीक संपवा. ओलिताची सोय आहे म्हणून फरदड ठेवली, म्हणजे हंगाम संपल्यावरही पाणी देऊन तेच पीक राखलं, की गुलाबी बोंडअळीला मार्च-एप्रिलपर्यंत खाद्य मिळतं. शेवटच्या वेचणीनंतर उरलेली बोंडं खायला शेळ्या-मेंढ्या सोडा, पण शेवटच्या फवारणीच्या डबीवरचे दिवस भरले आहेत याची खात्री करून. फ्लोनिकॅमिडला कपाशीत ते २५ आहेत. नंतर पऱ्हाट्या (कपाशीची उभी वाळलेली झाडं) उपटून श्रेडरने बारीक करा. बांधावर रचून ठेवलेल्या ढिगातल्या कवडी बोंडांत अळी पुढच्या पावसापर्यंत दडून राहते.